बोट आधी, खोली मागाहून
वाचकांचे प्रश्न : अंदमानचं शहीद द्वीप

या वेळच्या पत्रांत अंदमानचे प्रश्न इतके आले की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. त्यातही बहुतेकांचा ओढा शहीद द्वीपकडे, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाकडे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, तर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. टॅक्सीवाल्यांच्या तोंडी आणि बऱ्याच पाट्यांवर जुनी नावं टिकून आहेत, तेव्हा बुकिंग करताना दोन्ही नावांनी शोधा. बेट चौदा चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, २०११च्या जनगणनेत वस्ती सुमारे तीन हजार. गावांची नावं रामायणातली : भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. किनाऱ्यांना मात्र नंबरही आहेत आणि ‘पाच नंबर बीच’ म्हटलं की सीतापूर समजायचं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं (मुलं ११ आणि ७ वर्षांची) सहा दिवसांसाठी निघतोय. विमान आणि शहीद द्वीपवरचं हॉटेल झालंय. बोटीचं तिथे पोचल्यावर बघू म्हणतो. चालेल ना? – पुणे

नाही चालणार. नाताळ ते नववर्ष या काळात खासगी वेगवान बोटी कितीतरी आधी भरतात आणि ऐनवेळी चार जागा एकाच फेरीत मिळणं नशिबावर असतं. सरकारी बोटी खूप स्वस्त आहेत, पण त्यांची तिकिटं प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात आणि बेटांवरच्या रहिवाशांना त्यांत प्राधान्य असतं. ते रास्तच आहे. आपली सहल हुकते, त्यांची दवाखान्याची वेळ हुकते. सरकारी बोट हाताशी असलेला दुसरा मार्ग म्हणून लक्षात ठेवा, पहिला म्हणून नको.

ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही त्यांनी क्रम असा ठेवावा : विमान, मग परतीची बोट, मग जायची बोट आणि सगळ्यात शेवटी खोली. परतीची बोट आधी, कारण सगळा बेत फसतो तो तिथेच. शेवटची रात्र बेटावर काढायची, सकाळच्या बोटीने यायचं आणि दुपारचं विमान गाठायचं, हे कागदावर बरोबर जमतं. वारा सुटला की बोट रद्द होते, विमान मात्र वेळेवर उडतं. म्हणून शेवटची रात्र श्री विजयपुरममध्येच. त्या आदल्या दिवशीही संध्याकाळकडची शेवटची बोट घेऊ नका, सकाळची घ्या. सकाळची रद्द झाली तर दुपारची उरते. दुपारची रद्द झाली तर काहीच उरत नाही.

तुमच्या पाच रात्री अशा वाटा : पहिली श्री विजयपुरम, पुढच्या तीन शहीद द्वीप, पाचवी पुन्हा श्री विजयपुरम. विमान दुपारच्या आत उतरत असेल तरी त्याच दिवशीची बोट धरू नका. विमानाला तासाभराचा उशीर झाला की तिकीट गेलं. ती दुपार सेल्युलर जेलला द्या. ४ जुलै १९११ला सावरकरांना जिथे आणलं ती कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने चढावे लागतात, हे आजी-आजोबा बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा. प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा आणि जेल कोणत्या वारी बंद असतं तेही निघण्यापूर्वी पाहून घ्या.

मुलांना स्वराज द्वीपचा राधानगर किनारा दाखवायचाच असेल तर एक रात्र वाढवा. श्री विजयपुरम, स्वराज, शहीद आणि परत असा त्रिकोण बोटींना सोयीचा आहे. स्वराज ते शहीद हा टप्पा वेगवान बोटीने तासाभराच्या आतबाहेरचा. पण तीन रात्रींत दोन बेटं म्हणजे निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि निम्मा जेट्टीवर.

बोटीची तिकिटं काढताना चौघांची नावं ओळखपत्रावर आहेत तशीच घाला, मुलांचीसुद्धा. चढताना मूळ ओळखपत्र पाहतात, तेव्हा मुलांची आधार कार्डंही बरोबर हवीत. सुटण्याच्या तासभर आधी जेट्टीवर हजर राहा. बोट दिसत असते, पण नोंदणीची खिडकी बंद झालेली असते, असं तिथे रोज कुणाचं ना कुणाचं होतं. मोठ्या बॅगा घेऊन एका जागी रचतात आणि उतरल्यावर त्या ढिगातून आपल्या शोधाव्या लागतात. औषधं, ओळखपत्रं, चार्जर आणि मुलांचा एकेक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेच्या हँडलला रंगीत चिंधी बांधली की ढिगात ती लगेच सापडते, कारण निळ्या आणि काळ्या ट्रॉल्यांची तिथे काही कमी नसते.

खोली आधीच घेतलीय, तर आजच हॉटेलला फोन करून तारीख एक दिवस पुढेमागे होईल का ते विचारा आणि मग बोटी पाहा.

वय ६८. मला एसटीही लागते. बोट झेपेल का? – सांगली

झेपेल, पण बोट निवडून घ्या. वेगवान बोटी चारी बाजूंनी बंद आणि वातानुकूलित असतात, मोकळ्या डेकवर सहसा उभं राहू देत नाहीत. अंतर लवकर कापतात खरं, पण उठलेल्या लाटांवर आपटत जातात. सरकारी मोठ्या बोटीला दोन तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो, मात्र बाहेर येऊन वाऱ्यावर उभं राहता येतं आणि नजर क्षितिजावर ठेवता येते. बोट लागणाऱ्यांना हीच बरी. तिकीट मिळालं नाही तर वेगवान बोटीत खालच्या मजल्यावर, मधल्या भागापासून जरा मागे बसा. नाकाकडचा भाग सगळ्यात जास्त उचलला जातो, आणि पुढून समुद्र छान दिसेल म्हणून लोक नेमके तिथेच बसतात. फेरी सकाळची घ्या, त्या वेळी समुद्र बहुधा शांत असतो.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. प्रोमेथॅझिनसारखी गोळी आदल्या रात्री किंवा निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. तुमच्या वयात ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. काचबिंदू असेल, लघवीला अडखळत असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ती त्रास देऊ शकते. तिने गुंगी येते आणि बोट व धक्का यांच्यामधली फळी हलती असते. उतरताना गर्दी ओसरू द्या, खलाशाचा हात धरा, हातात पिशवी नको.

उपाशी जाऊ नका, तेलकटही नको. दोन तास आधी भाकरी, चपाती किंवा इडली पुरते. बोटीत आलेपाकाची वडी चघळा. मोबाइल पर्सच्या तळाशी राहू द्या. वाचायला घेतलं की पंधरा मिनिटांत पोट ढवळतं.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत? – ठाणे

दोन्हींत निवडायचं तर मेच्याही आधी, एप्रिलच्या उत्तरार्धात परीक्षा संपल्या संपल्या. उकाडा असतो, पण समुद्र बऱ्यापैकी शांत आणि पाणी नितळ. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्या सुमारे दहा दिवस आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, अंदमानात पोचतात. १० मेनंतरचा बेत म्हणजे पावसाशी शर्यत. दिवाळी त्याहून अडचणीची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे पाऊस ओसरलेला असला तरी बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि ईशान्य मोसमी पाऊसही. जमत असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च. समुद्र शांत, गर्दी कमी, भाडी उतरलेली. शाळेतून चार दिवसांची रजा मिळवण्याइतका हा काळ चांगला आहे, असं आमचं मत. मुख्याध्यापकांचं वेगळं असू शकतं.

आम्ही समुद्राकाठची माणसं, तिथीवरून भरती काढतो. शहीद द्वीपवरचा नैसर्गिक पूल, म्हणजे खडकाची कमान, ओहोटीलाच दिसतो म्हणे. आपला तिथीचा हिशोब तिथे चालेल का? – रत्नागिरी

अर्धा चालेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे सप्तमीला सव्वापाच, हा आपल्या किनाऱ्याचा हिशोब. यातला ‘रोज पाऊण तास पुढे’ हा भाग चंद्रामुळे आहे, म्हणून तो तिथेही लागू. नेमकं सांगायचं तर रोज सुमारे पन्नास मिनिटं. पण पुनवेला भरती किती वाजता, हा सुरुवातीचा आकडा प्रत्येक बंदराचा वेगळा असतो. समुद्रतळाची ठेवण आणि खाड्या-सामुद्रधुन्यांचा आकार यांनी लाट पुढेमागे होते. रत्नागिरीचा आकडा तिथे लावाल तर वेळ हुकेल.

करायचं असं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पोर्ट ब्लेअर हे बंदर पाहा. बेट तिथून चाळीसेक किलोमीटरवर आहे, वेळेत फारसा फरक पडत नाही. पोचण्याच्या दिवसाची ओहोटीची वेळ लिहून घ्या आणि पुढचे दिवस पन्नास पन्नास मिनिटं वाढवत जा. समजा पहिल्या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी ११ला आहे, तर दुसऱ्या दिवशी ११.५०, तिसऱ्या दिवशी १२.४०. दिवसात दोन ओहोट्या, मध्ये साधारण साडेबारा तास. यातच एक गंमत आहे. तक्त्यात संध्याकाळी साडेपाच दिसलं तर आपण म्हणतो, वा, ऊन उतरल्यावर. डिसेंबरात तिथे साडेपाचला अंधार असतो. मग दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमाराची ओहोटी धरायची. त्या वेळी उजाडलेलं असतं आणि गर्दीही नसते.

वेळेइतकीच तिथी महत्त्वाची. उधाणाला, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास, तिथे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, त्याच्या निम्म्याहूनही कमी. भांगाच्या ओहोटीला खडपं, म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, पुरती उघडी पडत नाहीत, पुलापर्यंत पोचलात तरी पायथ्याची डबकी पाण्याखालीच असतात. खरी पाहण्याजोगी तर ती डबकीच. पूल दोन मिनिटांत पाहून होतो. तारखा हातात असतील तर पुनव किंवा अवस धरूनच बेत आखा. गुडघाभर खोलीच्या, आरशासारख्या स्वच्छ पाण्यात समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव) पडलेल्या दिसतात, दगडात रुतलेल्या शिंपल्याचे निळे-जांभळे ओठ सावली पडताच मिटतात, बोटाएवढे मासे खडकाच्या फटीत शिरतात. काहीही उचलायचं नाही. वाटाडे हातात घेऊन दाखवतात, त्यांनाही नको म्हणा. पाण्याबाहेर काढलेला जीव परत ठेवला म्हणजे वाचतोच असं नाही.

वाट लक्ष्मणपूर दोन नंबर बीचवरून. गाडी थांबते तिथून उतरून खडपांवरून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि पाणी फिरलं की परत निघा. पाणी एका रेषेत येत नाही, मागच्या खोलगट जागा आधी भरतात आणि परतीची वाट तुटते. पायांत मागे पट्टा असलेल्या रबरी चपला किंवा जुने बूट हवेत. साध्या स्लिपरमधून शेवाळावर पाय सरकतो, आणि प्रवाळाच्या धारेने झालेली जखम लवकर भरत नाही. जखम झालीच तर गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवा, आतले कण निघाले पाहिजेत, मगच मलम.

हॉटेलवाले सूर्योदयासाठी पहाटे साडेचारला निघा म्हणतात. थट्टा करतायत का? – नागपूर

नाही. घड्याळ भारताचं, पण बेट ९३ रेखांशाजवळ, म्हणजे मुंबईच्या वीस अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ऐंशी मिनिटं पुढे. मे महिन्यात तिथे पाचच्या आतच उगवतो, डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला. डिसेंबरचा सूर्यास्त पाचच्या सुमाराला. नागपूरच्या सवयीने नऊला नाश्ता आणि साडेदहाला बाहेर पडलात, तर दिवसाचा चांगला निम्मा भाग गेला आणि उरलेला भर उन्हात. पाचला उठा, साडेअकरा ते दोन खोलीत पडी टाका, साडेतीनला लक्ष्मणपूरला सूर्यास्तासाठी निघा. सूर्योदय सीतापूरचा.

पोहता येत नाही. मुलगा नऊ वर्षांचा. पाण्याखालचं काय काय करता येईल? शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवलंय. – कोल्हापूर

आधी शेवटचं वाक्य खोडा. पाठीवर हवेची टाकी घेऊन स्कूबाची डुबकी मारताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. विमानाच्या आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. तेवढ्या कमी दाबात तो वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटला तर सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. एक डुबकी मारली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून अधिक असतील तर १८ तास मोकळे हवेत. हिशोब करत बसण्यापेक्षा डुबकी बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या सकाळीच घ्या.

पोहता येत नसेल तरी पहिल्या अनुभवाची डुबकी घेता येते. प्रशिक्षक सतत धरून असतो आणि खोली १२ मीटरच्या पुढे जात नाही. उथळ पाण्यात आधी तीन गोष्टी शिकवतात : तोंडाने श्वास, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं आणि कान मोकळे करणं. फसतं ते कानांपाशी. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायला लागण्याआधी, दर मीटरभर उतरल्यावर. दुखेपर्यंत थांबलात तर कानाची नळी बंद होते आणि मग कितीही फुंका. तेव्हा थोडं वर येऊन पुन्हा करायचं. सर्दी असेल तर डुबकी नाही, नाक मोकळं करणारे थेंब घालून तर नाहीच. खाली असताना त्यांचा असर उतरला की वर येताना कान अडकतात.

आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाच्या पडद्याचं छिद्र, नुकतीच शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. गरोदरपणात तर सही मिळाली तरी डुबकी नाही. बाकीच्यांनी सही कोल्हापुरातच, आपल्या डॉक्टरांकडून घेऊन जा, बेटावर ऐनवेळी मिळणार नाही. खोटं ‘नाही’ लिहू नका. पैसे वाचवण्यासाठी नव्हे, वेळ वाचवण्यासाठी लोक ते लिहितात आणि खाली गेल्यावर धाप लागते.

मुलाला ही डुबकी दहा वर्षं पूर्ण झाल्यावरच. त्याच्यासाठी भरतपूरला काचतळाची बोट आणि स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणं. दोन्हींना पाणी चढलेलं हवं. ओहोटीला तिथे पाणी इतकं उथळ होतं की बोट काढत नाहीत आणि पोहणाऱ्याचे गुडघे प्रवाळावर घासतात. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांचा मास्क वरच्या ओठाशी गळतो. मिशीवर व्हॅसलीनचा हात फिरवला तर बरंचसं भागतं, दाढी करायची तयारी असेल तर उत्तमच. काचेवर आतून थुंकी चोळून विसळली की वाफ धरत नाही. चष्मा असेल तर नंबराचा मास्क आहे का ते आदल्या दिवशी विचारा. तरंगायचं जाकीट कमरेशी घट्ट आवळा, नाहीतर पाण्यात ते वर सरकून हनुवटीला अडतं आणि माणूस घाबरतो. दमलात तरी पाय खाली टेकवू नका, पाठीवर तरंगा.

खोली कुठल्या किनाऱ्यावर घ्यावी? फिरायला काय मिळतं? – बेळगाव

जेट्टी, बाजार आणि भरतपूर एकमेकांच्या हाकेवर आहेत. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर तिथेच. लक्ष्मणपूर जेट्टीपासून दोनेक किलोमीटर, सूर्यास्त दारात. सीतापूर पाचेक किलोमीटर, शांत, पण रात्रीच्या जेवणाला हॉटेलवरच अवलंबून राहावं लागतं.

सायकल आणि स्कूटर भाड्याने मिळतात. दोघांना दिवसभर स्कूटर, चौघांना अर्ध्या दिवसाची रिक्षा परवडते. स्कूटरसाठी मूळ परवाना लागतो. घेण्याआधी ब्रेक, टायर आणि टाकीतलं पेट्रोल पाहा, आणि असलेल्या ओरखड्यांचा फोटो मालकासमोरच काढा. सायकल घेणार असाल तर सकाळीच. अकराच्या उन्हात पाच किलोमीटर दहासारखे वाटतात.

खोली घेताना दोन प्रश्न जरूर विचारा. वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा? आणि गोडं पाणी दिवसभर असतं की ठरावीक वेळी? बेटावर गोडं पाणी बेताचंच, नळ सोडून दात घासू नका. वाळूतल्या बारीक माश्यांची तयारी ठेवा. पहाटे आणि तिन्हीसांजेला, सडक्या शेवाळाजवळ त्या घोट्यांना चावतात आणि आठवडाभर खाज राहते. वाळूवर पसरून बसू नका, खुर्ची घ्या. पाय झाका किंवा डास पळवणारं मलम लावा.

घरात कांदा-लसूणही नाही. उपाशी राहू का? – जळगाव

नाही. हे बेट अंदमानची भाजीची बाग आहे. बंगाली शेतकरी इथे भाजीपाला पिकवून श्री विजयपुरमच्या बाजाराला पाठवतात. वरण, भात, दोन भाज्या सगळीकडे मिळतात. बिनकांद्याचं मात्र चार तास आधी सांगावं लागतं, आणि ‘व्हेज’ म्हणताना मासेही नकोत हे स्पष्ट सांगा. कढई वेगळी हवी असेल तर शाकाहारी हॉटेलच शोधा.

इंटरनेट कसं आहे? दोन दिवस ऑफिसचं काम करावं लागेल. रोख किती न्यावी? – डोंबिवली

ऑफिसला रजाच टाका. ऑगस्ट २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल सुरू झाली. त्या वेळी ती ज्या बेटांना जोडली त्यांत स्वराज द्वीप होतं, शहीद द्वीप नव्हतं. मोबाइलवर फोन आणि संदेश चालतात, व्हिडिओ बैठकीची खात्री देता येत नाही. करावीच लागली तर ते दोन दिवस श्री विजयपुरममध्ये ठेवा.

नेट गेलं की यूपीआयही जातं, आणि एटीएम मोजकी, सुट्ट्यांत रिकामी. खोलीचं भाडं आधी भरलं असेल तर रिक्षा, जेवण, सायकल, काचतळाची बोट एवढ्याचा तीन दिवसांचा खर्च काढा, त्यात एका जादा रात्रीचं भाडं मिळवा आणि तेवढी रोख न्या. निम्म्या नोटा शंभराच्या. तिकिटं, नकाशा आणि भरतीचा तक्ता निघण्याआधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

किनाऱ्यावर पडलेले शिंपले, मेलेलं प्रवाळ आणलं तर चालतं ना? – सातारा

नाही. प्रवाळ मेलेलं असलं तरी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला लागू होतो आणि विमानतळावर बॅगा तपासताना ते दिसतं. मुलांच्या खिशातलं सुद्धा. शिंपल्यांची हौस असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पक्की पावती बॅगेत वरच ठेवा.

बोट रद्द झाली तर नेमकं काय करायचं? – सोलापूर

वेगवान बोटी छोट्या, म्हणून वारा आणि लाटा वाढल्या की आधी त्या थांबतात. मोठ्या सरकारी बोटी कधीकधी त्यानंतरही चालतात. त्यामुळे मोबाइलवर रद्द झाल्याचा संदेश आला की हॉटेलात वाट पाहू नका. एकाने जेट्टीवरच्या सरकारी तिकीट खिडकीवर जाऊन रांग धरायची, दुसऱ्याने बोट कंपनीला फोन लावायचा. हवामानामुळे कंपनीने फेरी रद्द केली तर साधारणपणे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीत जागा. ‘परत’ म्हणण्याआधी पुढच्या फेरीत जागा आहे का ते विचारा. पैसे घेतलेत तर जागा गेली आणि नवं तिकीट काढायला तुम्ही रांगेच्या शेवटी.

त्यानंतर हॉटेलला आणखी एका रात्रीचं विचारा, आणि ते इतर अडकलेल्यांच्या आधी विचारा. मग विमान कंपनीला कळवा. विमान सुटण्याआधी तारीख बदलली तर काही रक्कम भरून भागतं, सुटल्यानंतर बहुतेक तिकिटांचं फारसं काही हाती लागत नाही. श्री विजयपुरमच्या हॉटेलला फोन सगळ्यात शेवटी.

हेलिकॉप्टरचं नाव कुणीतरी घेईलच. त्यात रुग्ण आणि बेटांवरचे लोक आधी, सामानाची मुभा जेमतेम, आणि ज्या हवेत बोट थांबते त्या हवेत तेही बऱ्याचदा थांबतं. मासेमारीच्या होडीतून सोडतो म्हणणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा. मध्ये उघडा समुद्र आहे, खाडी नाही. रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, बाळाचं दूध, जे काही चुकवून चालत नाही ते घरून निघतानाच तीन दिवसांचं जादा घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र बेटावर आहे, पण तुमचीच गोळी तिथे असेलच असं नाही.